देऊळघाटच्या ओसरीवरील जपानी पाठ

बुलढाणा जिल्ह्यांतील आम्ही लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतों; एक घाटावरचा व दुसरा घाटाखालचा. मलकापूर, शेगांव, खामगांव हीं घाटाखालचीं गांवें. आगगाडी तिकडे, कापसाच्या मोठ्या पेठा तिकडे, आणि वैशाखाचा खरा ताप पाहावयाचा तर तोही तिकडेच. बुलढाणा, चिखली, मेहकर हीं घाटावरचीं. अजिंठ्याच्या डोंगररांगांत, आमच्याच तालुक्यांत, पैनगंगेचा उगम आहे, आणि उगमापासून फार दूर न जातांच ती देऊळघाटास येते. पुढें मेहकरावरून वाहत, विदर्भ व मराठवाडा यांची सीव होऊन, ती अखेर वर्धा नदीस मिळते. तेथलें तिचें विशाल पात्र पाहणारास आमच्या गांवची उन्हाळ्यांतली बारीक धार तीच ही, असें सांगूनही पटावयाचें नाहीं.

गांवाच्या नांवांत देऊळ आहे, आणि दिवसांतून पांच वेळां कानावर येणारी बांगही गांवाचीच आहे. हिंदु व मुसलमान वस्ती येथें पिढ्यान् पिढ्या शेजारीं नांदत आली असल्यामुळें येथल्या मुलाच्या कानावर मागण्याच्या निरनिराळ्या रीति लहानपणींच पडतात. शेतावरून परतणारा वऱ्हाडी माणूस 'उद्यां ये' असें म्हणत नाहीं. तो 'उद्यां येजो' म्हणतो. त्या एका 'जो'मध्यें आज्ञेची धार मोडलेली असते. सवड झाली म्हणजे ये, असा तिचा भाव. मोहल्ल्यांतले वृद्ध हकीमसाहेब पुस्तक मागावयास आले म्हणजे प्रथम 'तकलीफ' दिल्याबद्दल माफी मागत, आणि मग पुस्तकाचें नांव काढीत. आणि आमच्या घरीं वडिलांकडे शास्त्री मंडळी आली कीं 'आस्यताम्', 'गृह्यताम्' असे शब्द ऐकूं येत. 'बसा', 'घ्या' असें न म्हणतां 'बसलें जावें', 'घेतलें जावें' असें म्हणावयाचें. म्हणजे समोरच्या माणसाकडे बोट न दाखवितां केवळ क्रियेकडे दाखवावयाचें. मी पुढें बत्तीस वर्षें मुलांना व्याकरण शिकविलें. पण कर्मणिप्रयोगाचा हा उपयोग मला पाठ्यपुस्तकाआधीं आमच्या ओसरीनेंच शिकविला होता.

त्या ओसरीवर गेलीं दोन वर्षें दिवेलागणीनंतर एक निराळीच भाषा ऐकूं येते. ती जपानी. माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून घरीं आली आणि जपानांत वृद्धसेवेच्या कामास जाण्याचें तिनें मनांत घेतलें. त्या देशांत आज शंभर माणसांत सुमारें २९ माणसें पासष्टीच्या पलीकडचीं आहेत. त्यांची शुश्रूषा करण्यास तरुण हात पुरत नाहींत. म्हणून जपान सरकारनें 'विशिष्ट कुशल कामगार' या नांवानें परदेशीयांस दार उघडलें, आणि २०२१ च्या जानेवारींत भारताशीं तसा करार केला. वृद्धसेवा हें त्यांतलें एक क्षेत्र. परंतु केवळ हातीं कसब असून भागत नाहीं; भाषेची परीक्षा उतरावी लागते, आणि सेवेच्या भाषेची आणखी एक वेगळी. पुण्याच्या एक शिक्षिकाबाई मोबाइलवरून पाठ देतात. आमची पुतणी व शेजारच्या मोहल्ल्यांतील तिची एक मैत्रीण अशा दोघी ओसरीवर सतरंजी टाकून बसतात, आणि मी चष्मा पुसण्याचें निमित्त करून जवळच बसतों. निवृत्त शिक्षकास दुसऱ्याचा वर्ग ऐकण्यासारखें सुख नाहीं.

पहिल्याच आठवड्यांत माझी उत्सुकता जागी झाली, ती वर्णमालेनें. जपानी अक्षरांचा क्रम असा : अ, इ, उ, ए, ओ, नंतर क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. ही तर आपलीच बाराखडी! आधीं स्वर, मग कंठ्यापासून ओठांपर्यंत येणारे वर्ण, शेवटीं अंतस्थ. 'ह'ची ओळ तेवढी 'प'वर्गाच्या जागीं दिसते; पण त्या ओळीचा प्राचीन उच्चार 'प' असाच होता, असें भाषापंडित सांगतात, म्हणजे तीही शंका उरत नाहीं. बौद्ध भिक्षूंनीं मंत्रांसाठीं संस्कृत वर्णांचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासांतून हा क्रम तिकडे रुजला. वाक्याची ठेवणही परकी नाहीं. क्रियापद शेवटीं, आणि नामाच्या मागून विभक्तिप्रत्ययासारखे 'ओ', 'नि', 'दे', 'नो' असे शब्द. 'मिझु ओ कुदासाइ' म्हणजे 'पाणी द्या'. शब्द जसे आले तसे मराठींत ठेवावे, कांहीं उलटावें लागत नाहीं. इंग्रजी शिकतांना जें मूल वाक्याची शेपटी कोठें जोडावी या विवंचनेंत असे, तेंच जपानी शिकतांना निःशंक बोलूं लागतें.

पण वाक्य आलें म्हणजे विनंती आली असें नाहीं. शिक्षिकाबाईंनीं एके दिवशीं फळ्यावर एकाच मागणीच्या पायऱ्या मांडल्या. 'ओशिएते कुदासाइ' म्हणजे 'सांगा, कृपा करून'. येथें 'कुदासाइ' या शब्दाच्या मुळाशीं 'वरून खालीं देणें' असा अर्थ आहे. देणारा उंचावर, मी खालीं. त्याहून मऊ, 'ओशिएते कुरेमासेन् का', म्हणजे 'सांगणार नाहीं का?' आणि त्याहूनही मऊ, 'ओशिएते इतादाकेमासेन् का'. हा 'इतादाकु' धातु मोठा रमणीय आहे. त्याचा मूळ अर्थ मस्तकावर धरणें. त्यावरून आदरानें स्वीकारणें. आपण प्रसाद हातीं आल्यावर डोक्यास लावून मग मुखांत घालतों, तोच हा भाव. जपानी माणूस जेवणास आरंभ करतांना 'इतादाकिमास्' म्हणतो, आणि कोणाकडे कांहीं मागतांनाही हाच धातु योजतो. तेव्हां त्या लांब वाक्याचा अर्थ असा होतो : 'आपलें सांगणें मला शिरोधार्य करून घेतां येणार नाहीं काय?' देणाराचें नांवच नाहीं. घेणारा मी, आणि प्रश्नही माझ्याच पात्रतेचा. आपल्या शास्त्री मंडळींच्या 'आस्यताम्' या शब्दानें जें साधलें, तेंच येथें दुसऱ्या वाटेनें साधलें आहे.

हें ऐकतांना मला पाणिनीची आठवण झाली. विध्यर्थाच्या प्रत्ययाचे म्हणजे लिङ्‌चे अर्थ सांगतांना त्या मुनीनें विधि, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना असे सहा भेद केले आहेत. विधि म्हणजे आज्ञा. निमंत्रण म्हणजे जें नाकारतां येत नाहीं असें बोलावणें. श्राद्धास दौहित्राला बोलावतात तसें. आमंत्रण म्हणजे ज्यांत येणें न येणें समोरच्याच्या इच्छेवर ठेवलें आहे तें. आज आपण हे दोन शब्द एकाच पत्रिकेवर अदलाबदलीनें छापतों. व्याकरणकारांनीं मात्र त्यांत नकाराच्या अधिकाराएवढें अंतर पाहिलें होतें. अधीष्ट म्हणजे वडील माणसास सत्कारपूर्वक एखादें काम सांगणें. संप्रश्न म्हणजे 'मीं हें करावें काय?' असा सल्ल्याचा प्रश्न; आणि प्रार्थना म्हणजे याचना. मीं पुतणीस विचारलें, 'तुझ्या जपानींत हे सहा सांपडतात का?' तिनें वहीचें पान पुढें केलें. आज्ञेचें रूप निराळें होतें. 'कुदासाइ' पुष्कळदां निमंत्रणासारखें, कारण तें ऐकून 'नाहीं' म्हणणें अवघड. 'मासेन् का' हें आमंत्रण. 'इतादाकेमासेन् का' हें अधीष्ट. 'मास्यो का', म्हणजे 'मीं करूं का?', हा संप्रश्न. आणि 'ओनेगाइ शिमास्' ही प्रार्थना, कारण 'नेगाइ' हा शब्द देवाजवळच्या मागण्यासही लावतात. दोन भाषांचा जन्मसंबंध मुळींच नाहीं. तरी माणसांनीं एकमेकांकडे मागावयाचें कसें, हा प्रश्न दोघींना एकच पडला आणि उत्तरेंही शेजारशेजारचीं सुचलीं.

या सर्व पायऱ्यांत वाढतें काय, हें नीट पाहिलें पाहिजे. शब्द लांब होतात म्हणून विनय वाढतो असें नव्हे. प्रत्येक पायरीवर समोरच्यास 'नाहीं' म्हणण्यास थोडी अधिक जागा मिळते. विनयाचें माप तेंच. आपला गिऱ्हाईक दुकानदारास 'कमी करा' म्हणण्याऐवजीं 'कांहीं कमी होईल का?' असें विचारतो. भाव जणूं आपण होऊनच उतरावयाचा आहे, दुकानदारानें उतरविला असें नको! जपानींतही नेमकें हेंच : 'मोउ सुकोशि यासुकु नारिमासेन् का', म्हणजे 'आणखी थोडें स्वस्त होणार नाहीं का?' तेथेंही 'करणें' टाकून 'होणें' घेतलें आहे.

मात्र हें वाक्य तेथें दुकानांत फारसें कामास येत नाहीं, असें बाईंनीं लगेच बजावलें. तोक्योचें जुनें नांव एदो. त्या शहरीं मित्सुइ घराण्यानें १६७३ साली 'एचिगोया' नांवाचें कापडाचें दुकान काढलें, आणि रोख पैसा, एक भाव अशी रीति तेथें पाडली. तेव्हांपासून घासाघीस हळूहळू मागें पडली. आमच्याकडे गुरांच्या बाजारांत दोन माणसें उपरण्याखालीं हात घालून बोटांनींच सौदा करीत. भोंवतीं पंचवीस माणसें उभीं असलीं तरी आंकडा कोणाच्या कानीं पडत नसे. त्यांत कपट होतें असें नाहीं. भाव फिसकटला तर चारचौघांत कोणाची मान खालीं होऊं नये, हा त्यांतला हेतु. उपरण्याखालचा सौदा व जपानी माणसाचें अर्धवट सोडलेलें वाक्य हीं मला एकाच कुळांतलीं वाटतात.

कारण जपानी माणूस नकार देतो तो बहुधा वाक्य अर्धें सोडूनच. 'त्या दिवशीं च्योत्तो…' इतकें म्हणून तो थांबतो. 'च्योत्तो' म्हणजे 'थोडेंसें'; पण पुढचें न बोललेलें सर्व म्हणजे 'जमणार नाहीं'. 'मुझुकाशिइ देस् ने', म्हणजे 'अवघड आहे खरें', हाही नकारच. आणि 'विचार करून पाहतों' हा तर पक्का नकार. आपल्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. मुलीचें स्थळ आवडलें नाहीं म्हणजे आपणही 'पत्रिका जुळत नाहीं' असेंच कळवितों, आणि मुलीचा बाप पत्रिका पुन्हां ज्योतिषाकडे नेत नाहीं, तो समजतो. दिवा विझविला असें न म्हणतां मालविला म्हणणारे, आणि घरांतून निघतांना 'जातों' ऐवजीं 'येतों' म्हणणारे आपण. आपणांस तरी ही भाषा अपरिचित वाटूं नये. फसगत होते ती उलट बाजूस, 'हाइ' या शब्दानें. त्याचा अर्थ 'हो' असा पुस्तकांत असतो. परंतु संभाषणांत तो बहुतेक वेळां 'ऐकतों आहें' एवढाच असतो. कहाणी सांगतांना ऐकणारानें हूंकार द्यावा, तसा. अशा हूंकारास जपानी शब्द आहे 'आइझुचि', म्हणजे ऐरणीवर एका लोहारानें घाव घातला कीं दुसऱ्यानें पाठोपाठ घालावयाचा घाव. दहा वेळां 'हाइ' ऐकून आपलें काम झालें असें समजणारा मनुष्य अकराव्या वेळीं तोंडघशीं पडतो.

परीक्षेसाठीं पुतणीस पुण्यास न्यावें लागलें, तेव्हां सोबत मी गेलों. देऊळघाटाहून निघून धाड, छत्रपति संभाजीनगर, अहिल्यानगर असा तो लांबचा एस. टी.चा प्रवास. घाटावरचें सोयाबीन व तूर मागें पडून गोदावरीकांठचा ऊंस लागला, तशी तिची वही मिटली. वाटेंत मीं तिला सांगितलें, कीं आपल्या पैनगंगेचा जन्म ज्या डोंगररांगांत, त्याच रांगांतील लेण्यांच्या चित्रांच्या प्रतिकृति घेण्यासाठीं १९१८ च्या सुमारास जपानी विद्वान व चित्रकार आले होते. महिने महिने अंधारांत बसून त्यांनीं घेतलेले ठसे तोक्योस नेले. आणि १९२३ च्या भूकंपांत ते नष्ट झाले. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, 'काका, म्हणजे ते आपल्याकडे शिकायला आले होते.'

जपानी भाषेचें शिक्षण महाराष्ट्रांत पुण्याइतकें कोठें रुजलेलें नाहीं. पुण्यांत जपानी शिकून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तोक्योच्या एदोगावा भागाच्या सभेवर निवडून आले, आणि २०२३ साली इबाराकी प्रांतांतील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. परक्या भाषेंत शाळा चालविणें म्हणजे काय, हें ज्यानें स्वभाषेंत चालविली आहे त्यालाच कळेल! जपानचें ऋण पुण्यावर त्याहूनही जुनें आहे. तोक्योचें स्त्रियांचें विद्यापीठ १९०१ साली निघालें. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं आली, आणि तिनेंच त्यांच्या मनांतील विचारास रूप दिलें. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालें तें त्या विचारांतून. तेव्हां आमच्या घरची एक मुलगी शिकून जपानास जाऊं पाहते, यांत एक वर्तुळ पुरें होत आहे, असें मला वाटलें.

परीक्षा झाल्यावर सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलें. पुणें व ओकायामा या शहरांच्या मैत्रीचें हें उद्यान २००६ साली खुलें झालें; ओकायामाच्या कोराकुएन या १७०० साली पुऱ्या झालेल्या बागेचा त्यास आदर्श आहे. पाणी, दगड, छाटलेलीं झाडें, लहान पूल. कोठें आरडाओरड नाहीं. एका वृक्षापाशीं थांबून पुतणीनें मला 'नेमावाशि' हा शब्द समजावून सांगितला. मोठें झाड एका जागचें दुसऱ्या जागीं न्यावयाचें असेल तर माळी तें एकाएकीं उपटीत नाहीं. कित्येक महिने आधीं तो मुळांभोंवतीं खणतो, कांहीं मुळें कापतो, मातीचा गड्डा बांधून ठेवतो. आंत नवीं बारीक मुळें फुटतात. मग हलविलें तरी झाड जगतें. तिकडे महत्त्वाची कोणतीही वाटाघाट अशीच करतात. सभेंत प्रस्ताव येण्याआधीं एकेकाला वेगळें भेटावयाचें, त्याची अडचण ऐकावयाची, तीप्रमाणें प्रस्ताव बदलावयाचा. सभा भरते ती ठरविण्यासाठीं नव्हे, ठरलेलें सांगण्यासाठीं.

हा शब्द तिनें केवळ वहींत लिहिला नव्हता, हें मला घरीं परतल्यावर कळलें. आमचें एकत्र कुटुंब. तीन भावांचा संसार एका चुलीवर. परक्या देशीं, परक्या म्हाताऱ्यांचें अंग पुसावयास आपली मुलगी जाणार, ही गोष्ट सहज गळीं उतरणारी नव्हती. तिनें प्रथम माझ्या मातोश्रींना गांठलें. पाय चेपतां चेपतां तिकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गोष्टी सांगितल्या, आणि विचारलें, 'आजी, तुझ्याजवळ कोणी नसतें तर तुला कसें माणूस आवडलें असतें?' थोरल्या वहिनींची काळजी जेवणाची. तर त्यांच्याजवळ बसून मेतकूट, भाजणी, चटण्या यांचें टांचणच तिनें करून घेतलें. पुतण्याची शंका पैशाची. त्याच्यापुढें तिनें हिशेब मांडला. असा महिना गेला. शेवटीं ती थोरल्या बंधूंसमोर बसली, तेव्हां त्यांनीं जो जो प्रश्न विचारावा त्याचें उत्तर घरांतलें दुसरेंच कोणी देऊं लागलें. दादा म्हणाले, 'सर्वांचें ठरलेलेंच दिसतें. मग मला कशाला विचारतां?' ती म्हणाली, 'आबा, तुमच्या होकारावांचून मी निघणार नाहीं. तुम्ही नाहीं म्हणालांत तर तेंही ऐकेन. पण मग कारण सांगावें.'

दादांनीं 'पाहूं' म्हटलें. आमच्या घरीं 'पाहूं' याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु आठ दिवसांनीं तिनें तोच विषय तितक्याच शांतपणें पुन्हां काढला. तेव्हां दादांनीं एक अट घातली : नोकरीचा करारनामा मराठींत करून ओळ न् ओळ मला वाचून दाखवावा. मला ती अट नकारापेक्षां फार शहाणपणाची वाटली.

तो करारनामा वाचण्यांत तीन रात्री गेल्या, आणि विनयाच्या या सर्व चर्चेची खरी कसोटी तेथें लागली. वेतन त्याच कामाच्या जपानी माणसाहून कमी असूं नये, असा या योजनेचा नियम आहे. १९४७ च्या श्रम-मानक कायद्याप्रमाणें सहा महिने नीट काम केल्यावर दहा दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि परदेशी माणसासही तो कायदा लागू आहे. दादांनीं विचारलें, 'रजा जर हक्काची, तर ती मागावयाची कशी?' पुतणीनें वाक्य म्हणून दाखविलें : 'यासुमासेते इतादाकेमासेन् का.' मीं त्याचा पदच्छेद केला. विसावा घेणें हा धातु. त्यावर प्रयोजक, म्हणजे 'विसावा घेऊं देणें'. त्यावर शिरोधार्य करणें, त्यावर शक्यता, त्यावर आदर, त्यावर निषेध, आणि शेवटीं प्रश्न! 'आपण मला विसावा घेऊं द्यावा, हा प्रसाद मला मिळूं शकणार नाहीं काय?' दादा संतापले. 'हक्काची वस्तु प्रसाद म्हणून मागावयाची? मग उद्यां ते देणार नाहींत तर ही रडत बसणार!'

दादांचा हा आक्षेप पोकळ नव्हता. तांत्रिक उमेदवारीच्या एका जुन्या योजनेखालीं गेलेल्या परदेशी तरुणांचे हाल झाल्याच्या तक्रारी जपानांतच गाजल्या. पासपोर्ट काढून घेण्यापर्यंत कांहीं मालकांची मजल गेली. म्हणून २०१६ साली तसें करणें गुन्हा ठरविणारा कायदा झाला, आणि २०२४ साली ती योजनाच मोडून नवी आणण्याचा कायदा जपानी संसदेनें केला. ज्या मुलांस केवळ गोड बोलणें शिकविलें आणि 'नाहीं' म्हणणें शिकविलें नाहीं, त्यांना अशा जागीं कोण वांचविणार?

या प्रश्नास शिक्षिकाबाईंनीं दिलेलें उत्तर मला फार मोलाचें वाटलें. त्यांनीं दुसऱ्या दिवशींचा पाठच बदलला. त्या दिवशीं मुलींनीं विनंतीचें एकही रूप म्हटलें नाहीं. 'देकिमासेन्', म्हणजे 'करतां येणार नाहीं'. 'यामेते कुदासाइ', म्हणजे 'हें थांबवा'. 'काइते कुदासाइ', म्हणजे 'लिहून द्या'. आणि श्रम-मानक तपासणी कचेरीचें लांबलचक जपानी नांव, हीं त्यांनीं घोकून घेतलीं. मग त्या म्हणाल्या, 'विनंती मऊ असावी, पण ती करणाराला आपला हक्क कोठें संपतो व कोठें सुरू होतो हें पाठ असावें. मागणें मऊ, माहिती पक्की.' विनय व दैन्य यांतला भेद याहून थोडक्यांत मीं ऐकला नाहीं. दीन माणसास दुसरी वाट ठाऊक नसते, म्हणून तो वांकतो. विनयी माणसास ती ठाऊक असते, तरी तो आधीं सौजन्याची वाट चालून पाहतो. दादांनीं करारनाम्यावर आपल्या हातानें 'वाचलें' असें लिहिलें, आणि तोच त्यांचा होकार.

पुतणी गेल्या चैत्रांत गेली. तोक्योच्या उत्तरेस एका लहान शहरीं ती काम करते. वृद्धांच्या अंगास हात लावण्याआधीं प्रत्येक वेळीं 'हात लावला तरी चालेल का?' असें विचारावें लागतें. त्या वाक्यांतला 'तरी चालेल का' आमच्या मराठीशीं तंतोतंत जुळतो, असें ती कौतुकानें सांगते. सहा महिने झाल्यावर तिनें पहिली रजा मागितली. देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, 'त्या दिवशीं च्योत्तो…' आणि थांबल्या. नवीन माणूस येथें एक तर हिरमुसला असता किंवा तेंच पुन्हां मागत बसला असता. हिनें अर्धें वाक्य पुरें ओळखलें, 'असें आहे का' म्हणून दुखऱ्या जागेवर बोट न ठेवतां विचारलें, 'मग पुढचा मंगळवार कसा काय वाटेल?' मंगळवार मिळाला. मोहल्ल्यांतली तिची मैत्रीण पुढच्या परीक्षेच्या तयारींत आहे, आणि ओसरीवरची सतरंजी अजून रोज पडते.

या दोन वर्षांत मी जपानी किती शिकलों, तर फार नाहीं. साठीनंतर शब्द पाण्यावरच्या रेघेसारखे राहतात. पण आपल्याच घरांतल्या मागण्या मी आतां निराळ्या कानानें ऐकूं लागलों आहें. 'सूनबाई, रात्रीं चार माणसें जेवावयास आहेत' हें वाक्य व्याकरणानें माहिती देणारें आहे, आवाजानें गोड आहे, आणि अर्थानें विधि आहे. त्यांत 'नाहीं' म्हणण्यास तिळाएवढी जागा नाहीं. मोठ्या कुटुंबांत वडील माणसें गोड बोलतात यावर आपण संतुष्ट असतों. परंतु ज्या गोड बोलण्यास एकच उत्तर देतां येतें, तें निमंत्रणही नव्हे आणि आमंत्रणही नव्हे. पाणिनीनें हा भेद आपल्यासाठीं करून ठेवला होता. तो आमच्या घरीं आला मात्र जपानी वहींतून. आतां आमच्याकडे पाहुणे बोलावण्याआधीं 'जमेल का?' असें विचारण्याची पद्धति पडली आहे, आणि गेल्या महिन्यांत थोरल्या सुनेनें एकदां सरळ 'आज नाहीं जमणार' असें सांगितलें. त्या दिवशीं दादांनीं पाहुण्यांस दुसरा वार कळविला.